पन्नास हजारांचं ग्राइंडर नसेल तर एस्प्रेसो करूच नये का?

रामबागकर: काल या कॉफीच्या गटात कुणीतरी नवशिक्यांना बजावलं, "पन्नास हजारांचं ग्राइंडर नसेल तर एस्प्रेसोच्या नादी लागू नका, चहा प्या." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी दाबाने ढकलून काढलेली थोडीशी, दाट कॉफी; ग्राइंडर म्हणजे बी दळायचं यंत्र. माझं मशीन साधं, घरगुती. पहिले दोन महिने रोज कप मोरीत ओतले. आज चिंचेसारखं आंबट, उद्या काढ्यासारखं कडू. का, ते कळायचं नाही, कारण पावडर मी चमच्याने मोजत होतो. मग इंदूरच्या राजवाड्याजवळून ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणला. १८ ग्रॅम पावडर, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. १५ सेकंदांत धो-धो आलं की आंबट, ४५ लागले की कडू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. मला हात बसला तो काट्यामुळे. शिकायच्या आधीच माणसाला खर्चाची भीती का घालता?

दळण_आधी: ती पोस्ट माझीच. पन्नास हजार हा आकडा मागे घेतो, बाकी एक अक्षर नाही. काटा आणि घड्याळ सांगतील की शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, १५ सेकंदांत आला. मग दळण बारीक करायचं, ते कशाने करणार? मिक्सरचं पातं बी तोडतं, दळत नाही. निम्मी भुकटी, निम्मी कणी. कणी आंबट राहते, भुकटी सगळा कडूपणा सोडते, दोन्ही एकाच कपात. तुम्ही दळण कुठून आणता ते लिहिलंच नाहीत.

रामबागकर: दुकानातून दळून आणतो. पावडर भरायची चाळणी मशीनबरोबर आली तीच, दुहेरी तळाची.

दळण_आधी: तरीच! त्या चाळणीला खाली एक बारीक भोक असतं, दाब त्या भोकाने येतो. दळण कसंही असलं तरी वर फेस दिसतो. तो क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवर दाबाने येणारा तपकिरी फेस, नव्हे. दळलेली पावडर काही दिवसांतच वास सोडते, ते वेगळंच.

मल्हारगंज_७२: क्रेमा, क्रेमा काय लावलंय? इंदूरच्या लग्नांत लहानपणापासून एस्प्रेसो पितोय. मशीनचा तो फुस्स आवाज, कपावर जाड फेस, वर कोको पावडर. आमच्यासाठी एस्प्रेसो तीच.

दळण_आधी: ती एस्प्रेसो नाहीच. दूध, साखर, इन्स्टंट पावडर आणि वाफ.

मल्हारगंज_७२: १९०१ साली मिलानच्या बेझेराने एस्प्रेसो मशीनचं पेटंट घेतलं, ते मशीनही वाफेच्या दाबावरच चालायचं. तुमचा क्रेमा गाजिया या इटालियनाच्या, दांडा ओढायच्या मशीनने आणला, दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याआधी इटलीतले लोक काय पीत होते?

दळण_आधी: बेझेराच्या मशीनमध्ये वाफेचा दाब पाण्याला कॉफीतून ढकलायचा. लग्नात वाफ थेट दुधात सोडतात. दोन्हीकडे वाफ आहे, एवढ्यावर नातं लागत नाही.

मल्हारगंज_७२: माझ्या वडिलांनी लग्नसराईत तीस वर्षं ते मशीन चालवलं. डिसेंबरच्या थंडीत रात्री दोन वाजता लोक रांग लावून उभे असायचे. वाफेने त्यांचा उजवा हात कायमचा भाजलेला होता. त्याला खोटी कॉफी म्हणणाऱ्याने माझ्याशी बोलू नये.

दळण_आधी: काकांच्या कष्टाबद्दल मी एक शब्द काढलेला नाही. खोटी असंही म्हटलं नाही, वेगळी म्हटलं.

मल्हारगंज_७२: "नाहीच" लिहिलंय. वर जाऊन वाचा.

दळण_आधी: लिहिलंय. "वेगळी" असं लिहायला हवं होतं.

सुदामानगरची_ताई: अहो, पाण्याचं कुणी बोलेल का? आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, म्हणून मी बोअरिंगचं भरत होते. आठ महिन्यांत मशीनच्या आत पांढरा थर बसला, धार थेंबाथेंबाने यायला लागली. मी वेड्यासारखी दळण जाड करत बसले! दुरुस्तीवाल्याने क्षार काढले, तेव्हा कळलं. नुसतं आरओचं घातलं तर चव सपक लागते. आता आरओत थोडं नर्मदेचं मिसळते. आणि पावडर दाबताना जोर लावू नका, सपाट दाबा. तिरकी दाबली की पाणी एका बाजूने चोरवाट काढतं. मी बुचात चार बारीक सुया खोचून आधी गुठळ्या मोडून घेते.

रामबागकर: ताई, सुयांचं आजच करून बघतो.

रामबागकर (तीन दिवसांनी): भावाचं हाताने फिरवायचं ग्राइंडर मागून आणलं, चाळणीही साधी एकेरी घेतली. पहिले चार शॉट वाया गेले. पाचवा १८ ग्रॅम, ३६ ग्रॅम, २८ सेकंद. आंबटपणा गेला, शेवटी गुळासारखी गोडी लागली. ठीक आहे, दळणाचं मान्य. पण ते ३६ आणि २८ मला काट्याने आणि घड्याळानेच दाखवले. आणि हे ग्राइंडर पन्नास हजारांचं नाही.

दळण_आधी: काटा नको असं मी कधी म्हणालो? बी कधी भाजलेली आहे? पाकिटावर तारीख बघा. महिन्यावर गेली असेल तर अजून बारीक दळावं लागेल.

मल्हारगंज_७२: त्या शॉटमध्ये दूध घालून बघितलं का कुणी?