काल्पनिक शहर रस्त्यावर बसून रेखाटताना सावली आणि पर्स्पेक्टिव्ह जुळत नाहीत : मदत हवी आहे

नमस्कार. समोरच्या खऱ्या चौकाचा आधार घेऊन, तिथेच बसून काल्पनिक शहर रेखाटण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. खालचे दोन-तीन मजले, दुकानांच्या पाट्या, दिव्याचे खांब आणि ये-जा करणारी माणसे दिसतात तशीच काढायची आणि त्यांच्या वर मात्र कुठेच नसलेले मनोरे, त्यांना जोडणारे पूल, अधांतरी जिने उभे करायचे, अशी कल्पना आहे. घरी टेबलावर हे बऱ्यापैकी साधते. बाहेर मात्र वरचे शहर खालच्या रस्त्यावर कापून चिकटवल्यासारखे दिसते.

मुख्य अडचण सावलीची आहे. सूर्य तासाला सुमारे 15 अंश सरकतो, म्हणून सावल्यांच्या कडा मी सुरुवातीलाच पेन्सिलने आखून घेतो आणि नंतर त्यांना हात लावत नाही. खऱ्या भागाचे तेवढ्यावर भागते. काल्पनिक मनोऱ्याची सावली दिव्याच्या खांबावरून ताडता येते. सूर्य 45 अंशांवर असेल तर खांबाची सावली खांबाएवढीच पडते, म्हणजे 60 मीटरच्या मनोऱ्याची सावलीही 60 मीटर. पण सूर्य 30 अंशांपर्यंत उतरला की तीच 100 मीटरच्या पुढे जाते आणि मेहनतीने टिपलेला अख्खा चौक त्या सावलीत बुडतो. सावली गाळली तर मनोरा जमिनीवर टेकत नाही. मनोरा अशा जागी सरकवला की सावली चौकटीबाहेर पडेल, तर सगळी रचनाच विस्कटते. ढगाळ दिवस निवडणे ही पळवाट मला माहीत आहे, पण उन्हाशिवाय या चित्रांत मजा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे कागदावर खोली आणि अंतर खरे भासवण्याची. मनोरे रस्त्याशी वेगवेगळे कोन करून उभे असल्यामुळे प्रत्येकाचे दोन स्वतंत्र व्हॅनिशिंग पॉइंट (समांतर कडा लांब जाताना जिथे मिळाल्यासारख्या दिसतात ते बिंदू) दृष्टिरेषेवर, म्हणजे डोळ्यांच्या उंचीच्या आडव्या रेषेवर, येतात आणि त्यांपैकी एक तरी ए-3 कागदाच्याच नव्हे, तर बोर्डाच्याही बाहेर जातो. जो बिंदू बोर्डावर मावतो तिथे टाचणी ठोकून तिला दोरा बांधतो आणि दोरा ताणून रेषा तपासतो. जो मावत नाही त्याच्यासाठी इमारतीची जवळची उभी कड आणि कागदाची कड यांचे सारख्याच संख्येचे भाग पाडून ते जोडतो. एका इमारतीपुरते हे ठीक आहे, पण चढत्या पुलांचे बिंदू दृष्टिरेषेच्या वर जातात आणि तिथे ही युक्ती अपुरी पडते. शिवाय मी बसून काढत असताना कोणी शेजारी येऊन उभे राहून पाहू लागले, तर त्यांना दृष्टिरेषा खोटीच वाटते. (ही इमारत नेमकी कुठे आहे, असे विचारणारेही भेटतात, तो मी कौतुकाचाच भाग मानतो.)

18व्या शतकात कानालेत्तो या इटालियन चित्रकाराने खऱ्या आणि कल्पित वास्तू एकत्र आणणारी ‘काप्रिच्चो’ प्रकारची चित्रे काढली, हे ठाऊक आहे. पण तशी रचना चित्रशाळेत निवांत जुळवता येते. उलट 2007 मध्ये सुरू झालेल्या ‘अर्बन स्केचर्स’ या, जागेवर बसून शहरे रेखाटणाऱ्यांच्या चळवळीचा आग्रहच डोळ्यांसमोरच्या दृश्याशी प्रामाणिक राहण्याचा आहे, त्यामुळे तिथल्या मार्गदर्शनात या प्रश्नाला फारशी जागा नाही.

साहित्याबद्दल प्रश्न नाही. जलरोधक पिगमेंट शाईचे पेन आणि 300 जीएसएमचा जाड कागद वापरतो.

ज्यांनी जागेवर बसून असे मिश्र काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे की, मोठी सावली चौकावर पडू द्यावी की फक्त मनोऱ्याच्या पायथ्याशी गडद करून पुढे विरघळवावी, आणि आधी खरा रस्ता शाईने पक्का करावा की काल्पनिक भागाची आखणी पूर्ण होईपर्यंत पेन उघडूच नये. शक्य असल्यास कामाचे फोटो जोडावेत. पूर्ण झालेल्या चित्रापेक्षा पेन्सिलच्या आखणीचा फोटो मला अधिक उपयोगी पडेल.