पीआरआयवर दर दहा सेकंदांनी 'टक्' आवाज – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीकडच्या एका हॉस्पिटलात मेंटेनन्स बघतो. मूळचा मी इलेक्ट्रिशियन. टेलिफोनवाला नोकरी सोडून गेला आणि ईपीएबीएक्स (हॉस्पिटलचं आतलं टेलिफोन एक्स्चेंज) माझ्या गळ्यात पडला. ९६ एक्स्टेन्शन, एक पीआरआय (एकाच वेळी अनेक बाहेरचे कॉल नेणारी टेलिफोन कंपनीची डिजिटल लाइन). गेल्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचा आणखी एक पीआरआय घेतला. व्हेंडरकडचा मुलगा आला, कार्ड टाकलं, तासाभरात प्रोग्रामिंग उरकून गेला.

तेव्हापासून बाहेरच्या कॉलवर बारीक 'टक्' असा आवाज येतो. घड्याळ लावून बघितलं, साधारण दर दहा सेकंदांनी. जुन्या लाइनवरसुद्धा! रिसेप्शन ते आयसीयू मात्र एकदम स्वच्छ. बोलणं निभतं, पण विम्याचा फॅक्स दुसऱ्या पानावर तुटतो आणि बिलिंगच्या मॅडम माझ्याकडे बघतात.

पॅचकॉर्ड बदलून झाल्या, अर्थिंग मोजलं. दोन्ही कंपन्या म्हणतात, "आमच्याकडून लाइन क्लिअर आहे." अलार्म एकही नाही. पोर्टचे आकडे काढले तर सीआरसी एरर (लाइनवर डेटा बिघडल्याची मोजणी) शून्य, पण 'स्लिप' नावाचा आकडा दोन्ही पोर्टवर वाढतोय, रात्री कॉल नसतानाही. कार्ड बदलून मागू का?

प्रतिसाद

कार्डाला हात लावू नका. केबल किंवा लाइन खराब असती तर सीआरसी वाढला असता. ही भानगड क्लॉकची, म्हणजे मशीनच्या आतल्या घड्याळाची दिसते.

पीआरआयवर सेकंदाला ८,००० फ्रेम (डेटाचे छोटे तुकडे) येतात, प्रत्येक १२५ मायक्रोसेकंदांची. तुमचं मशीन त्या स्वतःच्या घड्याळाने वाचत असेल, तर फरक साचत साचत एका फ्रेमएवढा होतो आणि एक फ्रेम गळते किंवा दोनदा वाचली जाते. हीच 'स्लिप', आणि तोच तुमचा टक्. माणसाचा कान ते खपवून घेतो, फॅक्स नाही. दहा सेकंदांत १२५ मायक्रोसेकंद म्हणजे दहा लाखांत साडेबारा भाग. कंपन्यांची घड्याळं एवढी चुकत नाहीत. ती नीट असतील तर दोघींच्या फरकाने स्लिप सत्तरेक दिवसांत एखादी. चूक तुमच्या मशीनच्या घड्याळातल्या साध्या क्रिस्टलची आहे. आतले कॉल त्याच एका घड्याळावर चालतात, म्हणून स्वच्छ.

प्रोग्रामिंगमध्ये 'क्लॉक सोर्स' किंवा 'सिंक' शोधा. 'इंटर्नल' असणार. जुना पीआरआय पहिल्या पसंतीवर, नवा दुसऱ्या, इंटर्नल सगळ्यात शेवटी. आधी बॅकअप घ्या, आणि रात्री कॅज्युअल्टीला सांगूनच करा. चालू कॉल तुटू शकतात.

मूळ धागाकर्ता

दादा, इंटर्नलच होतं! रात्री पावणेबाराला बदललं, आकडे शून्य केले. सकाळी सातला दोन्ही पोर्टवर स्लिप शून्यच. चार पानांचा फॅक्स एका दमात गेला. मग जुन्या लाइनची कॉर्ड काढून बघितली, मशीन आपसूक नव्या लाइनच्या क्लॉकवर गेलं.

एकच शंका: कॉर्ड परत लावली तरी ते अजून दुसऱ्याच पसंतीवर बसलंय. तसंच राहू देऊ की हाताने पहिल्यावर आणू?