निर्वासित आणि कुशल स्थलांतरित : दारं दोन, पण आत आल्यावर वागणूकही दोन प्रकारची असावी का?

शरद_मास्तर

आमच्या वाचनगटात पुढच्या आठवड्यात स्थलांतरावर चर्चा आहे, सुरुवात मला करायची आहे. वाचता वाचता एका जागी अडकलोय. १९५१चा जिनिव्हा करार सांगतो, की जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे निर्वासिताला परत धाडायचं नाही. म्हणजे त्याला घ्यायचं ते त्याच्या गरजेपोटी. कॅनडाने १९६७ साली गुणपद्धत आणली. त्यात शिक्षण, भाषा, वय, कसब यांचे गुण मोजून माणसं निवडतात, म्हणजे ती देशाच्या गरजेपोटी. इथवर समजतं. पण आत आल्यावर काय? आमच्यातले दोघे-तिघे ठामपणे म्हणतात, निर्वासित तात्पुरता, लढाई संपली की जाणार, त्याच्या भाषाशिक्षणावर आणि प्रशिक्षणावर खर्च कशाला? मला हे पटत नाही, पण मुद्देसूद उत्तरही सुचत नाही. कोणी हे जवळून पाहिलं असेल तर सांगा.

सिस्टर_मेधा

सर, मी जर्मनीत नर्स आहे. रीतसर कामाचा व्हिसा काढून आले, म्हणजे तुमच्या दुसऱ्या गटातली. पण पहिल्या गटातल्या एका बाईशेजारी भाषेच्या वर्गात सहा महिने बसले, म्हणून दोन्हीकडचं लिहिते. लांबेल थोडं.

माझ्याकडे पदवी होती, अतिदक्षता विभागातला आठ वर्षांचा अनुभव होता. तरी इथे नर्स म्हणून काम करायला पदवीची मान्यता लागते. तिला 'आनरकेनुंग' म्हणतात, आम्हा परदेशी नर्सेसच्या तोंडी दिवसभर हाच शब्द. भाषा बी-२ पातळीची हवी, म्हणजे कामावर न अडखळता बोलता येईल इतपत. शिवाय तुमच्या अभ्यासक्रमात इथल्या मानाने जे कमी भरेल, त्यासाठी एकतर परीक्षा द्या नाहीतर रुग्णालयात काही महिने प्रशिक्षण घ्या. तोवर हुद्दा मदतनीसाचा. सलाईनची सुई मी डोळे मिटून लावायचे; इथे ट्रे धरून बाजूला उभी. आणि रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे मात्र इथे नर्सचंच काम. पहिले काही दिवस मला ते कमीपणाचं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग एका सकाळी एका आजींची पाठ पुसताना माकडहाडाशी नाण्याएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. ही शय्याव्रणाची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात. मला सगळं कळत होतं, फक्त त्याचा जर्मन शब्द तोंडात येईना. शेवटी सीनियरला हाताला धरून खोलीत नेलं आणि डाग दाखवला. तिने पाहिलं, लगेच कूस बदलण्याचं वेळापत्रक लावलं आणि तो शब्द मला कागदावर लिहून दिला. त्या दिवसापासून मला वाटतं की येणाऱ्या माणसाजवळ कसब बहुतेक वेळा असतंच, अडतं ते भाषेपाशी आणि कागदांपाशी. त्यासाठी रोज कामावर कोणीतरी सोबत लागतं. मला ते मिळालं, कारण रुग्णालयाला माझी गरज होती.

माझ्या शेजारणीला ते मिळालं नाही. ती सीरियातली औषधनिर्माती, २०१५ साली आलेली. त्या वर्षी जर्मनीत सुमारे ८,९०,००० आश्रयार्थी आले, यंत्रणा कोलमडायला आली होती हे मान्य. पण तिचं पहिलं वर्ष आश्रयाच्या अर्जावरच्या मुलाखतीची तारीख मिळण्याची वाट पाहण्यात गेलं. तेव्हा आश्रयाचा अर्ज केलेल्याला पहिले तीन महिने कामाला बंदी होती, आणि नव्याने आलेल्यांना ठेवतात त्या स्वागत-केंद्रात राहत असाल तर त्याहून लांब. ती काय करायची? एका वहीत तीन रकाने आखून पहिल्यात औषधाचं रासायनिक नाव, दुसऱ्यात मात्रा, तिसरा जर्मन शब्दासाठी कोरा. विसरू नये म्हणून रोज एक पान. ती वही मी पाहिली आहे. कित्येक पानांवर तिसरा रकाना कोराच होता.

आता तुमच्या मित्रांच्या 'तात्पुरत्या'कडे येते. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर ४ मार्च २०२२ रोजी युरोपीय संघाने २००१ सालचा तात्पुरत्या संरक्षणाचा नियम पहिल्यांदाच वापरला. आश्रयासाठी वेगळी चौकशी नाही, राहण्याचा परवाना आणि कामाचा हक्क लगेच. नावातच 'तात्पुरतं' आहे, तरी मुदत दरवेळी वाढवावी लागली. लढाई कधी संपेल हे कोणालाच ठाऊक नसतं. समजा संपली आणि माणूस परत गेला, तर भाषा शिकलेला, हाताला सवय असलेला माणूस परत जातो. त्यात आपलं काय गेलं? उलट पाच वर्षं नुसतं बसवून ठेवलेला माणूस इथेही उभा राहू शकत नाही आणि तिथेही. खर्च तर त्या बसवून ठेवण्यावरही होतोच.

म्हणून माझं मत असं : कोणाला आत घ्यायचं याचे निकष वेगळे असू देत, असायलाच हवेत. पण एकदा आत घेतल्यावर भाषा, पदवीची तपासणी आणि कामाचा हक्क या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून दोघांनाही द्या.

प्रदीप_७१

मेधाताई, तुमचं म्हणणं मनापासून पटतं, पण जागेचं काय? जर्मनीत आश्रयार्थी राज्याराज्यांत वाटतात ते क्योनिगस्टाइन सूत्राने : दोन तृतीयांश भार कर-उत्पन्नाला, एक तृतीयांश लोकसंख्येला. रिकामी घरं किती आहेत, हे त्या सूत्रात येतच नाही. मग सुबत्ता आहे पण घरं नाहीत अशा ठिकाणी गर्दी होते आणि राग निघतो तो आलेल्यांवर. त्या रागाला नुसतं द्वेष म्हणून झटकू नका. ज्याच्या मुलाच्या वर्गात अचानक दहा नवी मुलं येतात आणि शिक्षक मात्र तेवढेच राहतात, त्याची तक्रार खरी असते. सरकारने माणसांसोबत शिक्षक आणि घरांचा पैसाही त्याच गावाला पाठवला पाहिजे, आणि तो आधी.

दुसरं, कुशल लोकांबद्दल. श्रीमंत देश गरीब देशांतल्या नर्सेस उचलून नेतात, त्याचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली यासाठी आचारसंहिता केली, पण ती ऐच्छिक आहे.

ओवी_टोरांटो

कॅनडातून लिहितेय. इथे सर्वसामान्य नागरिक एकत्र येऊन निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घेऊन त्याला बोलावू शकतात. १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून सुमारे ६०,००० माणसं आली, त्यातल्या निम्म्याहून अधिकांची जबाबदारी अशा गटांनी आणि चर्चनी घेतली होती. १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं नान्सेन पदक कॅनडाच्या जनतेला मिळालं ते निर्वासितांसाठी केलेल्या अशा कामाबद्दल.

आम्ही पाच जणींनी एका कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घेतली होती. एक चूक आवर्जून सांगते. पहिले चार महिने आम्हीच सगळं केलं. बँक, दवाखाना, शाळेचे अर्ज, प्रत्येक फोन आम्ही लावायचो. एकदा घरातला हीटर बंद पडला तेव्हा आमच्यातली कोणीच फोनवर सापडली नाही आणि ते चौघे रात्रभर कोट घालून बसून राहिले. घरमालकाचा नंबर त्यांच्याकडे होता, पण फोन करायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या ताईंनी मला बजावलं, की पुढचा फोन मी लावणार, तू फक्त शेजारी बस. तेव्हापासून आम्ही तसंच केलं. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

सिस्टर_मेधा

प्रदीपदादा, घरांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. त्यात एक भर. २०१६पासून आश्रय मंजूर झालेल्यांना तीन वर्षं नेमून दिलेल्या राज्यातच राहावं लागतं. पुरेशी नोकरी मिळाली तर सूट आहे, पण नोकरी शोधायलाच तर दुसरीकडे जायचं असतं ना! वाटणी करताना माणसाचं कसब विचारलं, तर अर्धा गुंता तिथेच सुटेल.

नर्सेसचं म्हणाल तर मलाही ते बोचतं. जो देश तयार नर्स नेतो त्याने तिथल्या नर्सिंग शिक्षणाला पैसा द्यावा, आणि तो करारात लिहून द्यावा, असं मला वाटतं.

ओवी, 'तू फक्त शेजारी बस' हे मी आमच्या वॉर्डात नव्या मुलींना शिकवताना वापरणार आहे.

शरद_मास्तर

सगळ्यांचे आभार, भरपूर मिळालं. मेधाताई, तुमच्या त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं?

सिस्टर_मेधा

औषधनिर्मातीचा परवाना मिळाला सर, औषधांच्या दुकानात काम करते. येऊन सहा वर्षं झाली होती. मी तिला एकदा विचारलं, यातला अभ्यास किती? तिने बोटं मोजली. भाषा, परीक्षेची तयारी आणि परीक्षा धरून दोन वर्षं. बाकीची चार वाट पाहण्यात.