ड्रायर लावलाय, तरी हवेच्या लाइनला पाणी (रबाळे)

पावडरवाला_रबाळे
रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं पावडर कोटिंगचं (धातूवर रंगाची पावडर हवेच्या गनने फवारायचं) युनिट आहे. 20 एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर, साधारण 80 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), 500 लिटरची टाकी आणि पुढे 100 सीएफएमचा रेफ्रिजरेशन ड्रायर, म्हणजे हवा थंड करून पाणी काढणारा. मे महिना सुरळीत गेला. जूनचा तिसरा आठवडा उलटला आणि गनमधून पावडरीच्या गुठळ्या पडायला लागल्या. परवा 60 पॅनेल पिनहोलमुळे (कोटिंगमधली बारीक भोकं) परत घासायला काढली. ड्रायरचा डिस्प्ले 4 अंश दाखवतो. टाकीच्या टायमर ड्रेनचा (ठरावीक वेळाने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) दिवाही लागतो, टक्क आवाज येतो. कॉम्प्रेसर हल्ली सारखा लोड-अनलोड होतो (हवा भरणं चालू-बंद), पण तो वेगळा विषय असावा. सर्व्हिसवाला म्हणतो, दुप्पट क्षमतेचा ड्रायर घ्या. घेऊ का?

तुर्भे_फिटर
गनचे ड्रॉप (खाली येणारे पाइप) हेडरच्या, म्हणजे मुख्य हवेच्या पाइपच्या, पोटातून काढलेत का? असतील तर वरच्या अंगाने काढून वळवून खाली आणा. हेडरला शंभराला एक असा उतार द्या आणि शेवटी कॉक ठेवा. आमचा निम्मा त्रास तिथेच संपला.

जुना_युटिलिटीवाला
आधी ड्रायरचे पैसे खिशात ठेवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात 31 वर्षं युटिलिटी सांभाळली, त्यात ड्रायर बिघडल्यापेक्षा ड्रेन तुंबल्याचे किस्से कितीतरी जास्त.

हिशोब बघा. 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता धरली तर एका घनमीटर हवेत 26 ग्रॅम वाफ असते. 80 सीएफएम म्हणजे ताशी 136 घनमीटर. कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर असेल तर तासाला साडेतीन लिटर पाणी आत ओढतो. 7 बारला आणि 4 अंशाला त्यातलं वाफ म्हणून पुढे जाईल ते जेमतेम 100 ग्रॅम. बाकीचं सगळं बादलीत दिसायला हवं. तुमच्याकडे दिसतं का?

डिस्प्लेवर जाऊ नका. तो फक्त हवा थंड झाली एवढंच सांगतो. सुटलेलं पाणी ड्रायरच्या फ्लोट ड्रेनमधून बाहेर पडलं नाही तर तीच हवा ते उचलून गनपर्यंत नेते. दिव्याचंही तेच. कॉइल टक्क करते, पण मागची जाळी गंज आणि तेलाच्या चिकट गाळाने बंद असली तर थेंब पडत नाही.

आणि लोड-अनलोड हा वेगळा विषय नाहीच! टाकीत पाणी साठलं की हवेला जागा कमी उरते, मग दाब पटापट चढतो-उतरतो. मे महिन्यातही आपल्याकडची हवा काही नगरसारखी कोरडी नसते, म्हणजे तुंबणं तेव्हापासूनच चालू असणार.

दाब 2 बारवर आणून टाकीचा खालचा कॉक हळूहळू उघडा. जाळी काढण्याआधी मात्र तिथला कॉक बंद करून दाब पूर्ण सोडा. आमच्या एका पोराने घाई केली होती, नट कपाळाला चाटून गेला.

पावडरवाला_रबाळे
काका, 20 लिटरच्या 13 बादल्या निघाल्या! चहासारखं तांबडं पाणी. म्हणजे अर्धी टाकी पाण्यानेच भरलेली. जाळीत बोटभर गाळ होता. ड्रायरचा फ्लोट खालीच चिकटला होता, डिझेलने धुवायला घेतला तर तुकडा पडला, नवीन बसवला. आज सकाळी 9 ते 5 सगळ्या ड्रेनखाली बादल्या ठेवल्या, मिळून 19 लिटर भरलं. लोडचे तास धरले तर तुमच्या हिशोबाजवळच आहे. गन सध्या कोरडी आहे. त्या 13 बादल्यांपैकी दोन गटारात गेल्या, मग कामगार म्हणाला वर तेलाचा तवंग दिसतोय.

जुना_युटिलिटीवाला
बाकीच्या 11 बादल्यांचं पाणी ड्रममध्येच साठवून ठेवा. पृष्ठजलात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे, आणि स्क्रू कॉम्प्रेसरच्या कंडेन्सेटमध्ये (हवेतून सुटलेल्या पाण्यात) तेल त्याच्या कितीतरी पट असतं. छोटा ऑइल-वॉटर सेपरेटर घ्या. वेगळं निघालेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत रिसायकलरलाच द्या, भंगारवाल्याला नको.

पुढे जमेल तेव्हा टाकीला पातळी ओळखणारा झिरो-लॉस ड्रेन लावा. टायमरवाला पाणी नसतानाही हवा सोडत बसतो. आणि टाकीचा व ड्रायरचा ड्रेन एकाच बारीक नळीत जोडू नका, एकाचा दाब दुसऱ्याचं पाणी मागे ढकलतो. दोन्ही नळ्या उघड्या फनेलमध्ये सोडा, म्हणजे येता-जाता नजर पडते.

पावडरवाला_रबाळे
एकाच नळीत जोडलेत. उद्या सुटे करतो.