ओआरएस हे ऊर्जेचे पेय नव्हे

लांब पल्ल्याच्या सरावात महागड्या जेलची (खेळाडू वाटेत खातात त्या साखरेच्या घट्ट पाकाची) गरज नाही, ओआरएसचे पाकीट पुरेसे आहे, असे एक मत मांडले जाते; त्याच्याशी मी अर्धाच सहमत आहे. नाशिकच्या उन्हाळ्यात त्र्यंबक रस्त्यावर सकाळी उशिरापर्यंत सायकल चालवणाऱ्याला घामातून गेलेले मीठ भरून काढण्यासाठी ओआरएस उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु ते अतिसारावरचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार त्याच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असते, आणि दीड-दोन तासांहून अधिक चालणाऱ्या श्रमाला दर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. म्हणजे केवळ ओआरएसवर विसंबणाऱ्याचे पाणी आणि मीठ भरून निघते, पण स्नायूंचे इंधन तसेच संपत जाते, आणि परतीच्या चढावर पायांतील बळ गेले की त्याचा दोष उन्हाला दिला जातो.

ही उणीव भरायला जेलच हवे असे नाही. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या बेदाण्यांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, आणि मूठभर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम बेदाण्यांतून ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके मिळतात. मात्र तंतूमुळे काहींना पोटाचा त्रास होतो, म्हणून ते स्पर्धेच्या दिवशी प्रथमच न खाता आधी सरावात खाऊन पाहावेत. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी यातील काहीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.