मदत हवी आहे: पॅरासिटामॉल तापावर चालते, मग सुजेवर का नाही?

नमस्कार. परवा रात्री मुलीला १०२ अंश ताप होता. कपाळ चटका बसावा इतके तापलेले, पण तळपाय थंडगार आणि अंगात हुडहुडी. डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेली पॅरासिटामॉलची मात्रा दिल्यावर तासाभरात तिच्या केसांच्या मुळाशी घाम आला आणि तिने स्वतःच पांघरूण दूर सारले.

मी वाचले ते असे: संसर्ग झाल्यावर मेंदूतील हायपोथॅलॅमस या तापमान सांभाळणाऱ्या भागात प्रोस्टाग्लँडिन ई२ हे रासायनिक द्रव्य वाढते, त्यामुळे शरीराच्या तापमानाची ठरलेली पातळी वर सरकते, आणि ती गाठण्यासाठी त्वचेकडचा रक्तप्रवाह कमी होऊन थंडी वाजते, औषध या द्रव्याची निर्मिती रोखते, म्हणून पातळी पुन्हा खाली येते व घामावाटे उष्णता बाहेर पडते. मूळ संसर्ग मात्र तसाच राहतो, त्यामुळे औषधाचा अंमल ओसरला की ताप पुन्हा चढू शकतो, आणि हेच पालकांना सर्वांत जास्त घाबरवते.

माझा प्रश्न असा, की आयब्युप्रोफेन हे ताप-वेदनेवरचे दुसरे औषधही हीच निर्मिती रोखते आणि सूजही उतरवते, तर पॅरासिटामॉल सुजेवर फारसे का चालत नाही? औषधशास्त्र जाणणाऱ्यांनी कृपया सविस्तर समजावून सांगावे आणि वरील मांडणीत काही चुकले असल्यास तेही दुरुस्त करावे.