एकही गोळी न झाडता? जरा नकाशा उघडा

गवतीचहा (धागाकर्ता):
परवा इथे कुणीतरी अमेरिकेच्या ऐंशीच्या दशकातल्या अध्यक्षांबद्दल लिहिलं, 'रेगनने एकही गोळी न झाडता सोव्हिएत संघ पाडला, याला म्हणतात परराष्ट्र धोरण.' खाली टाळ्यांचा पाऊस. तीन ओळींत उत्तर देणार होतो, पण चहा गार झाला आणि डोकं तापलं, म्हणून वेगळा धागा.

एकही गोळी नाही? डिसेंबर 1981 मध्ये एल साल्वादोरमधल्या एल मोसोते गावात आठशेहून जास्त माणसं मारली, त्यात शेकडो चिल्लीपिल्ली. मारणारी बटालियन अमेरिकेने शिकवून तयार केलेली. अमेरिकेने निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरले. त्यावर 27 जून 1986 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेला दोषी ठरवलं, तर यांनी निकालच धुडकावला. अमेरिकन संसदेने काँट्रांचा, म्हणजे निकाराग्वातल्या सरकारविरोधी बंडखोरांचा, पैसा बंद केला, तर इराणला चोरून क्षेपणास्त्रं विकून पैसा तिकडे वळवला. पुढे त्याच इराणचं प्रवासी विमान 3 जुलै 1988 ला विन्सेन्स या अमेरिकन युद्धनौकेने पाडलं, 290 माणसं गेली. बरोबर आहे, ती गोळी नव्हती, क्षेपणास्त्र होतं.

अफगाणिस्तानात मुजाहिदांना मदतीच्या कागदावर रेगनच्या आधीच्या अध्यक्षाने, कार्टरने, 3 जुलै 1979 ला सही केली, रशियन फौजा यायच्या जवळपास सहा महिने आधी. नंतर त्याने पाकिस्तानच्या झियांना 40 कोटी डॉलर देऊ केले, तर ते म्हणाले, शेंगदाणे! (कार्टर शेंगदाण्याचा शेतकरी.) रेगनने 320 कोटी दिले, वर 40 एफ-16. ती विमानं कुणाच्या सीमेवर घिरट्या घालायची हे इथे सांगायला नको.

आणि पाडला कुणी? 1986 मध्ये सौदीने उत्पादन वाढवल्यावर तेलाचा भाव निम्म्याच्याही खाली आला, तिथे मॉस्कोची तिजोरी आटली. अर्थव्यवस्था मोडायचीच होती, तर कार्टरने घातलेली धान्यबंदी रेगनने एप्रिल 1981 मध्ये का उठवली? आयोवाचे शेतकरी रागावले असते म्हणून.

हडसनकाठ:
यादी खरी आहे, पण यादी वाचली म्हणजे मुद्दा सिद्ध होत नाही. ते वाक्य मूळचं थॅचरबाईंचं, आणि अर्थ इतकाच की अमेरिकेच्या बाजूची नाटो आणि रशियाच्या बाजूचे वॉर्सा करारवाले समोरासमोर भिडले नाहीत. रशियाने एसएस-20 क्षेपणास्त्रं लावली, अमेरिकेने 1983 च्या नोव्हेंबरात पर्शिंग क्षेपणास्त्रं उभी केली, तेव्हा सगळे म्हणत होते, संपलं आता. चार वर्षांत, 8 डिसेंबर 1987 ला, करार झाला आणि 2,692 क्षेपणास्त्रं दोघांनी मोडीत काढली. हे तेलाच्या भावाने केलं का?

माझ्या ऑफिसात एक पोलिश बाई आहे. 13 डिसेंबर 1981 ला तिकडे लष्करी कायदा लागला आणि त्या रात्री तिच्या वडिलांना उचललं. तिच्या घरी रेगनचा फोटो आहे, मेरीच्या तसबिरीशेजारी. तिला जाऊन तुमचं व्याख्यान द्या.

आणि जानेवारी 1980 ला अफगाणिस्तानवर संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ बसला होता, तेही विसरू नका. न्यू जर्सीत राहतो म्हणून 'तुम्ही काय बोलणार' हे ऐकून घेणार नाही, आधीच सांगतो.

लेथवाला:
मोठ्या लोकांचं चालू द्या, मी कॉकॉमबद्दल बोलतो, म्हणजे कम्युनिस्ट देशांना तंत्रज्ञान मिळू नये म्हणून पाश्चात्त्यांनी काढलेल्या समितीबद्दल. 1988 ला चिंचवडला आम्ही युरोपातून एक संगणकावर चालणारं सीएनसी मशीन मागवलं, पंपाचे सुटे भाग करायला. सात महिने नुसते कागद. शेवटी एक फॉर्म आला : हे यंत्र कम्युनिस्ट देशात पाठवणार नाही आणि तपासनीस केव्हाही येऊन पाहील. का, तर तोशिबाच्या मशीनवर रशियाने पाणबुडीचे पंखे तासले म्हणून. त्यावरून अमेरिकेचे खासदार संसदेच्या हिरवळीवर घणाने तोशिबाचा रेडिओ फोडत होते, आणि भोगत होतो आम्ही. सही करताना साहेब म्हणाले, "पिंपरीहून भोसरीला न्यायचं तरी विचारावं लागेल."

क्रे या अमेरिकन महासंगणकाचंही तेच. बंगळूरसाठी एक्स-एमपी 24 मागितला, दिला धाकटा 14, तोही हवामानापुरता. मग 1988 ला पुण्यात सीडॅक ही सरकारी संगणक संस्था निघाली आणि 1991 ला आपला महासंगणक परम 8000 उभा राहिला. घ्या!

अर्धशून्य:
आला परम! परमच्या पोटात इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर प्रोसेसर होते, ब्रिटिश. अमेरिकेला दणका वगैरे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपुरतं.

लेथवाला:
डाळ वाण्याकडून आणली म्हणून वरण वाण्याचं होतं का?

अर्धशून्य:
वरण झकास होतं, पण जेवले किती? कॉलेजात असताना मी ओक्कममध्ये, म्हणजे ट्रान्सप्यूटरच्या भाषेत, प्रोग्रॅम लिहिलेत. चौसष्ट प्रोसेसर, आणि अर्धे एकमेकांची वाट बघत बसलेले. क्रेवर तोच हिशोब घरच्यासारखा झाला असता. नाही मिळाला याचा अभिमान काय बाळगायचा?

लेथवाला:
न मिळाल्याचा नाही, न मागता जगल्याचा. तुम्ही फॉर्म भरला नाहीत ना, म्हणून सुचतंय. आणि ऐका, 1991 लाच एक परम मॉस्कोला बसवला. ज्या गावाला आमचं मशीन जाऊ नये म्हणून सही घेतली, त्याच गावाला!

अर्धशून्य:
हे माहीत नव्हतं. बरं, मॉस्कोपुरतं मान्य.

गवतीचहा:
धागा सीडॅकचा आहे की माझा?

हडसनकाठ, तारखा शेजारी ठेवा. एल मोसोते 11 डिसेंबर 1981, तुमच्या बाईच्या वडिलांना उचललं 13 ला. एकाच आठवड्यात. रेगनने नाताळच्या भाषणात पोलंडसाठी खिडकीत मेणबत्ती लावायला सांगितलं. आणि जानेवारी संपायच्या आत प्रमाणपत्र दिलं की एल साल्वादोरमध्ये मानवी हक्कांची स्थिती सुधारतेय. बाईचं दुःख खोटं म्हणत नाही मी. दुसऱ्या गावाला मेणबत्ती का नाही, एवढंच विचारतोय. तटस्थतेचं मान्य, लाजिरवाणंच होतं ते. पण आपल्या लाजेने त्यांची धुतली जात नाही.

हडसनकाठ:
प्रमाणपत्राची तारीख पाहून घेतली, बरोबर आहे. मेणबत्तीला माझ्याकडे उत्तर नाही. 1987 च्या करारावर मात्र एक इंच हलणार नाही. बाईला यातलं काही विचारणार नाही, सोमवारी तिच्याकडेच माझं अप्रेझल आहे.

अर्धशून्य:
लेथवाले, तो तपासनीस आला का शेवटी?

लेथवाला:
नाही. 1994 ला कॉकॉम बंद पडलं, 2006 ला मशीन भंगारात गेलं. साहेब निवृत्त झाले होते, तरी फोन करून विचारलं, "भंगारवाल्याकडून सही घेतलीस ना?"